आठचा संदेश

तिसराही कागद जळला, तेव्हा पाक सुर्योनोंनी माझ्या हातातला कागद गुंडाळलेला रूळ काढून घेतला आणि यमुनाच्या हातात दिला.

"तुम्ही बघा," ते म्हणाले.

यमुना शेलारनं बाही वर सारली, रॉकेलच्या ज्योतीवर रूळ धरला आणि हळूहळू फिरवत नेला. तव्यावरच्या भाकरीकडे बघावं तशी तिची नजर होती. बघता बघता गुळगुळीत पांढरा कागद काजळीनं सगळीकडे सारखा काळा झाला. कुठे डाग नाही, कुठे फट नाही. तिनं तो भूकंपमापक यंत्राच्या ढोलावर चढवला, वरून सुई सोडली, आणि काळ्यावर पांढरी बारीक रेघ उमटायला लागली.

"कुठे शिकलात?" पाकनी इंग्रजीत विचारलं. यमुनाला इंग्रजी जेमतेम यायचं. म्हणून त्यांचा प्रश्न तिला मराठीत सांगायचा आणि तिचं उत्तर त्यांना इंग्रजीत, हे काम माझं.

"वडलांकडं," ती म्हणाली. "कोयनेला धरणाच्या वेधशाळेत हेच काम करायचे ते. सदुसष्टच्या भूकंपात आमचं घर पडलं, आई गेली. घरात ठेवायला कुणी नव्हतं, म्हणून मला बरोबर न्यायचे. सात वर्षांची होते. तेव्हापासून कागद धरते."

मी ते शब्द इंग्रजीत केले. पाक सुर्योनोंनी छातीवर हात ठेवला आणि तिच्यापुढे किंचित झुकले. मी पुणे विद्यापीठात पहिली आले होते, भूकंपशास्त्रावर माझे दोन निबंध छापून आले होते, आणि मी बोटांची काजळी फडक्याला पुसत उभी होते.

ही गोष्ट १९८६ सालची. मी, सुलभा पोंक्षे, तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते. यमुना माझ्याहून दोन वर्षांनी लहान. ज्वालामुखीवर नजर कशी ठेवायची याचं सहा महिन्यांचं प्रशिक्षण घ्यायला आम्हा दोघींना इंडोनेशियात पाठवलं होतं. सुलावेसीच्या उत्तरेला समुद्रात एक लहान बेट, त्या बेटाच्या मधोमध गुनुंग सेलांग. गुनुंग म्हणजे डोंगर. तोंडातून सतत पांढरी वाफ सोडणारा, सतराशे मीटर उंचीचा डोंगर. त्याच्या पायथ्याशी चार खोल्यांचं निरीक्षण केंद्र आणि केंद्राचे प्रमुख पाक सुर्योनो. पाक हे नाव नव्हे. आपण काका म्हणतो तसं तिकडे वडीलधाऱ्या पुरुषाला पाक म्हणतात आणि बाईला बु.

पाकच्या खोलीत भिंतभर पॅसिफिक महासागराचा नकाशा होता आणि त्याच्या काठाकाठानं लाल टाचण्या. चिलीपासून वर मेक्सिको, अलास्का, मग पलीकडे जपान, फिलिपिन्स, तिथून खाली आमचं बेट. मधला समुद्र मोकळा आणि काठ सगळा लाल. पहिल्याच दिवशी पाकनी त्यावरून बोट फिरवलं होतं.

"समुद्राचा तळ सगळीकडून या काठाखाली घुसतोय. त्यामुळे इथल्या माणसांना भूकंप आणि आग दोन्ही आहे. तुमचं गाव कुठे?"

मी नकाशाच्या पार डाव्या टोकाला पुणं दाखवलं. तिथे टाचणी नव्हती. यमुनानं त्याच्या खाली, जरा डावीकडे बोट ठेवलं. "इथं समुद्राचा काठ नाही, ज्वालामुखी नाही. पण हलतं," ती म्हणाली. पाकनी खिशातून एक टाचणी काढली आणि कोयनेवर लावली.

त्या दिवसापासून मी मोजायला लागले. दिवसातून पाक तिला किती वेळा हाक मारतात, मला किती वेळा. रेघेत काही नवीन दिसलं की आधी कुणाला बोलावतात. त्यांनी आपलं भिंग तिला वापरायला दिलं, मला टंकलेखन यंत्र. अहवाल मी लिहायची. सुंदर लिहायची. पाक वाचून "छान" म्हणायचे आणि फाइलला लावायचे. यमुना मात्र काळ्या कागदाजवळ बसून नुसती म्हणायची, "हा खोलातला. हा वरचा. हा डोंगराचा न्हाई, ट्रक गेला," आणि पाक मान डोलवत वहीत लिहून घ्यायचे.

एकदा मी पहाटे तिच्याआधी उठून कागद धरायला गेले. पुन्हा जळला. यमुना आली, तिनं जळका कागद गुपचूप बादलीत टाकला, दुसरा धरला आणि म्हणाली, "ताई, वात जरा खाली करा. तुम्ही धीर धरत नाही." त्या चांगुलपणाचा मला इतका राग आला, की दिवसभर मी तिच्याशी बोलले नाही. तिला ते कळलंच नाही. तिला वाटलं माझं डोकं दुखतंय. संध्याकाळी तिनं अमृतांजन आणून दिलं.

भाषेचंही तेच. मी पुस्तकातून इंडोनेशियन व्याकरण शिकत होते. यमुना बु हलिमाकडून भाषा शिकली. बु हलिमा ही वरच्या वाडीतली चाळिशीची विधवा. तिच्या लवंगेच्या बागा डोंगराच्या उतारावर होत्या. ती रोज सकाळी केंद्रावर पपई नाहीतर उकडलेली रताळी घेऊन यायची आणि पायरीवर बसायची. यमुना तिच्याजवळ बसून एकेका वस्तूला बोट लावायची, बु हलिमा नाव सांगायची, आणि दोघी हसायच्या. दोन महिन्यांत यमुना तिच्याशी घरच्यासारखं बोलायला लागली. बु हलिमाला सोळा वर्षांची मुलगी होती, नुर. तिला यमुना हिशेब शिकवायची. मलाही बु हलिमा पपई द्यायची. दोन्ही हातांनी, मान खाली घालून, बाईसाहेबांना द्यावी तशी. यमुनाला ती नुसती तिच्या मांडीवर टाकायची.

मला वाटायचं, हे सगळं मला चाललं असतं, जर पुढे जपान नसतं. प्रशिक्षण संपल्यावर आमच्यापैकी एकीला जपानमध्ये तीन वर्षं संशोधनाला पाठवणार होते. नाव मुख्य कार्यालयातले अधिकारी ठरवणार, पाकच्या शिफारशीवरून. पुण्याहून निघताना कुणाच्या मनात शंका नव्हती. आमचे विभागप्रमुख मला म्हणाले होते, "शेलारला अनुभव मिळेल, जपान तुझंच."

चौथ्या महिन्यात गुनुंग सेलांग हलायला लागला. सुरुवातीला दिवसाला दहा-बारा धक्के, मग चाळीस, मग शंभरावर. पायरीवर ठेवलेल्या पेल्यातलं पाणी थरथरायचं. मुख्य कार्यालयानं वरचा उतार बंद केला आणि तिथली वाडी खालच्या शाळेत हलवली. बु हलिमा आणि नुरही शाळेत राहायला गेल्या. त्यात लवंगेचा हंगाम. कळी फुलायच्या आत तोडली तर लवंग, फुलली की कवडीमोल. गावकरी रोज केंद्रावर येऊन विचारायचे, वर कधी जाऊ देणार? बु हलिमाही विचारायची. पाक म्हणायचे, डोंगराला विचारा.

तीन आठवड्यांनी एका दुपारी धक्के थांबले. एकशे चाळीसवरून वीस, वीसवरून तीन. आणि मग काहीच नाही. काळ्या कागदावर सरळ पांढरी रेघ.

"ओसरतंय," मी म्हणाले. मी सगळे आकडे आलेखावर मांडले होते. "इशारा एक पायरी खाली आणायला हरकत नाही. पुस्तकात अशी पाच उदाहरणं आहेत."

पाकनी आलेख बघितला. मग यमुनाकडे वळले. ती त्यांच्याशी आता त्यांच्याच भाषेत बोलायची. माझी गरज संपली होती.

ती काय म्हणाली ते तिनं मला नंतर मराठीत सांगितलं. "वाफ बघा ताई. सकाळपासून वाफ न्हाई वर. कुकरची शिट्टी अडकली तर आवाज बंद होतो, म्हणून काय गॅस बंद झाला असतो का? वरनं बूच बसलंय. मला भ्या वाटतंय."

"भीती हा काही पुरावा नाही, यमुना."

"न्हाई," ती म्हणाली. "पण वाफ न्हाई, हा आहे की."

पाक बाहेर जाऊन बराच वेळ डोंगराकडे बघत उभे राहिले. मग आत आले, नोंदवही उघडली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओवर द्यायच्या संदेशाखाली इंग्रजीत लिहिलं: 'शेरा: शांतता धोक्याची असू शकते. वाफ बंद आहे. वर जाण्याची परवानगी देऊ नये.' आणि पुढे कंसात निरीक्षकाचं नाव. यमुना शेलार.

मी ते नाव वाचलं. माझ्या आलेखाचा त्यात उल्लेख नव्हता. त्याच आठवड्यात जपानचं नाव ठरणार होतं आणि मुख्य कार्यालयात आमचा संदेश ऐकणारे हारतोनोसाहेबच ते ठरवणार होते.

रोज सकाळी आठ वाजता रेडिओवरून मुख्य कार्यालयाला संदेश द्यायचा असे. प्रशिक्षणाचा भाग म्हणून तो इंग्रजीत मी वाचायचा असं ठरलं होतं. कार्यालयाचा रेडिओ फक्त सकाळी आठ आणि दुपारी बारा या दोन वेळांना आमच्यासाठी उघडा असे. मधल्या वेळी कितीही ओरडा, पलीकडे कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी पाक आणि यमुना सहालाच पूर्वेकडच्या दुसऱ्या यंत्राची बॅटरी बदलायला निघाले. तीन तासांची चाल. निघताना यमुनानं ऐकायचा लहान संच गळ्यात अडकवला. त्यावर आमच्या रेडिओचं बोलणं ऐकू येई, उलट बोलता मात्र येत नसे.

"ताई, शेरा नीट वाचा हां," ती दारातून म्हणाली. "आज ते गावकऱ्यांचं ठरवणार आहेत."

"मला वाचता येतं," मी म्हणाले.

आठ वाजता हारतोनोसाहेबांचा आवाज आला. मी आकडे वाचले. खोलातले धक्के शून्य, वरचे शून्य, थरथर शून्य. तापमान, वारा, पाऊस. ते उतरवून घेत होते. मग ते म्हणाले, "चांगली बातमी आहे. काही शेरा?"

वही माझ्यासमोर उघडी होती. शेऱ्याच्या ओळीवर माझं बोट होतं. पुढे कंसातलं नाव.

"शेरा नाही," मी म्हणाले.

"धन्यवाद, मिस पोंक्षे. नेहमीप्रमाणे स्पष्ट."

रेडिओ बंद झाला. मी स्वतःला सांगितलं, मी एकही आकडा खोटा वाचला नाही. आकडे बोलतात तेच खरं. मी चहा केला. नऊच्या सुमारास खालच्या रस्त्यावरून ओरडा ऐकू आला. मी बाहेर आले. शाळेतले लोक टोपल्या घेऊन वर निघाले होते. बायकाच जास्त, तीस-पस्तीस. परवानगी थेट शाळेत आली होती. बु हलिमा सगळ्यात पुढे होती, बरोबर तिचा दीर शिडी खांद्यावर घेऊन. मला बघून तिनं हात वर केला आणि काहीतरी म्हणाली. मला त्यातला 'लवंग' हा शब्द तेवढा कळला. मीही हात हलवला.

आत येऊन मी यंत्राजवळ बसले. रेघ सरळ होती. मला आठवतं, मी त्या रेघेवर खूश होते. आता संध्याकाळी यमुनाला ती दाखवायची, असं मनात म्हणत होते.

साडेअकराला पाक एकटेच आले. घामानं निथळत होते.

"यमुना?"

"वर गेली. साडेआठपासून तिला चैन नव्हती. म्हणाली, मला डोंगर बरा वाटत नाही, मी वरच्या बागांतून एकदा बघून येते. मी म्हटलं वर कुणी नाही. ऐकलंच नाही. पळत सुटली." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "खाली शाळा रिकामी दिसली. लोक कुठे आहेत?"

"परवानगी आली."

"शेरा वाचला होतात?"

"वाचला," मी म्हणाले.

बाराला दोन मिनिटं कमी असताना ते रेडिओपुढे बसले. बारा वाजता त्यांनी त्यांच्या भाषेत एका दमात सगळं सांगितलं. पलीकडून परवानगी लगेच रद्द झाली. पण ते वर कळवायचं कसं? पाकनी शाळेची घंटा वाजवायला माणूस धाडला. घंटेचा आवाज वारा समुद्राकडे नेत होता.

बारा चाळीसला सुई कागदाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली आणि ढोलावरून निसटली. मग जमीन हलली. मग आवाज आला. मी दारात गेले तर डोंगराचा माथा दिसत नव्हता. राखाडी ढग होता, तो वर चढत होता आणि त्याच वेळी पूर्वेच्या घळीतून खालीही येत होता. पाण्यासारखा, पण पाण्यापेक्षा किती तरी वेगानं.

माणसं राखेतून उतरायला लागली. टोपल्या नाहीत, पायात काही नाही, डोक्यापासून पांढरी. पाक मोजत होते. प्रत्येकीच्या तोंडात एकच नाव. यमुनानं बागेबागेत जाऊन त्यांना ओढून काढलं होतं. ज्या येईनात त्यांच्या टोपल्या तिनं उताराखाली भिरकावल्या होत्या. तिला शिव्या घालत त्या टोपल्यांमागे उतरल्या, म्हणून वाचल्या.

सगळ्यात शेवटी ती आली. दोन माणसांनी धरून आणली. केस भाजले होते, डोळे सुजले होते आणि श्वास घेताना छातीतून करवतीसारखा आवाज येत होता. मला बघून तिनं काही म्हणायचा प्रयत्न केला. खोकल्याची उबळ आली.

बु हलिमा आणि तिचा दीर आले नाहीत. त्यांची बाग सगळ्यात वरची होती.

चौकशी आठ दिवसांनी झाली, केंद्राच्याच खोलीत. हारतोनोसाहेब बोटीनं आले होते. सभ्य, थकलेला माणूस. त्यांनी नोंदवही उघडून माझ्यापुढे धरली.

"इथे शेरा लिहिलेला आहे. आमच्या वहीत तो नाही. तुम्ही वाचला होता?"

"वाचला होता," मी म्हणाले. "त्या वेळी खरखर खूप होती. तुमच्यापर्यंत पोचला नसेल."

"मला तर आवाज स्वच्छ आठवतो."

पाक खिडकीबाहेर बघत होते. हारतोनोसाहेब यमुनाकडे वळले. ती भिंतीला टेकून खुर्चीत बसली होती, नाकावर ओलं फडकं धरून.

"तुमच्याकडे ऐकायचा संच होता. आठचा संदेश ऐकलात?"

संच तिच्या गळ्यात होता, हे मी आठ दिवसांत स्वतःला एकदाही आठवू दिलं नव्हतं.

"मध्ये कडा होता साहेब," यमुना त्यांच्या भाषेत म्हणाली. एवढं मलाही कळलं. "नुसती खरखर."

हारतोनोसाहेबांनी लिहून घेतलं. दोघींचं म्हणणं जुळलं होतं. दोष रेडिओवर गेला.

मी सुटले. आणि सुटल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो जपानचा. लाज वाटते, पण तोच आला. पाकनी शिफारस यमुनाची केली होती. हारतोनोसाहेबांनी मान्यही केली होती. पण जपानला जायच्या आधी डॉक्टरांनी तिला तपासलं. गरम राख छातीत गेली होती. निदान दोन वर्षं डोंगर नाही, धूर नाही, थंडी नाही. हारतोनोसाहेबांनी मला बोलावून विचारलं, "मिस पोंक्षे, आता तुम्ही जाल का?"

त्यांचं वाक्य पूर्ण व्हायच्या आधी मी हो म्हणाले.

पुढच्या आठवड्यात यमुनाला घेऊन जीप बंदरावर जाणार होती, तिथून बोट, मग विमान. मीही सुलावेसीवरच्या मनाडो शहरापर्यंत बरोबर जाणार होते. सकाळी जीपमध्ये सामान चढवलं. यमुना मागच्या बाकावर शाल पांघरून बसली. मी तिच्या शेजारी बसायला गेले तर ती म्हणाली, "थांबा."

गेल्या दोन आठवड्यांत ती माझ्याशी एकांतात बोललीच नव्हती. मला वाटायचं, खोकल्यामुळे.

"मला सगळं ऐकू आलं होतं," ती म्हणाली. "आकडे. मग ते म्हणाले शेरा? तुम्ही म्हणालात नाही. कडा-बिडा काही नव्हता. तुम्ही माझ्या कानात बोलत होता."

मी जीपच्या दाराला धरलं.

"म्हणून तर पळाले. परवानगी येणार हे कळलं होतं मला."

"मग चौकशीत..."

"तुमच्यासाठी न्हाई बोलले खोटं." तिला थांबून श्वास घ्यावा लागला. "दोन बायका पाठवल्या आणि हेव्यादाव्यात माणसं मेली, असं कागदावर गेलं असतं. मग आपल्याकडनं कुणा पोरीला पुन्हा पाठवलं असतं का? पाकनी आपल्याला ठेवून घेतलं, त्यांना काय तोंड राहिलं असतं? म्हणून."

"यमुना, मी..."

"मला नका सांगू. नुरला सांगा. ती शाळेत आहे. तिला वाटतंय रेडिओ बिघडला म्हणून आई गेली. कार्यालयाला नका सांगू, मला नका सांगू. तिला सांगून या. तोवर मी थांबते. जीप थांबेल."

शाळा दहा मिनिटांवर होती. मी चालत गेले. वाटेत शब्द जुळवत होते. 'साला साया.' चूक माझी. एवढं मला येत होतं. रेडिओला त्यांच्याकडेही रेडिओच म्हणतात. 'मी वाचलं नाही' हेही जमलं असतं. व्याकरणाच्या पुस्तकात चौथ्याच धड्यात नकार आहे.

नुर वर्गाच्या कोपऱ्यात चटईवर बसून तांदूळ निवडत होती. मला बघून ती उठली, पदरासारख्या ओढणीनं चटई झटकली आणि मला बसवलं. तिचे डोळे आईसारखे होते. मी तिचे दोन्ही हात धरले.

"साला साया," मी म्हणाले. "नुर, साला साया."

तिनं मान हलवली. मी पुन्हा तेच म्हणाले. मला रडू आलं, आणि मला रडताना बघून तीही रडायला लागली. तिनं माझे हात स्वतःच्या कपाळाला लावले, माझी पाठ थोपटली आणि काहीतरी हळू आवाजात म्हणत राहिली. ती माझं सांत्वन करत होती. तिला वाटलं, मी दुखवट्याला आले आहे. दुखवट्याला आलेली माणसं असंच काही म्हणतात, आम्ही कमी पडलो, माफ करा.

दाराशी शाळेचे मास्तर उभे होते. त्यांना बरं इंग्रजी यायचं. ते पुढे आले आणि अदबीनं म्हणाले, "मॅडम, तुम्हाला तिला काही सांगायचं आहे का? मी तिच्या भाषेत सांगतो."

नुरनं माझ्यासाठी तांब्यात पाणी आणलं होतं. ती ते दोन्ही हातांनी पुढे धरून उभी होती.

"नाही," मी म्हणाले. "काही नाही. झालं सांगून."

पाणी पिऊन मी परत आले. जीपचं इंजिन बंद होतं. ड्रायव्हर झाडाखाली विडी ओढत होता. यमुना माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. माझे डोळे सुजले असणार.

"सांगितलंत?"

"सांगितलं."

"काय म्हणाली?"

"रडली," मी म्हणाले. "माझे हात कपाळाला लावले. पाणी दिलं."

यमुनानं डोळे मिटले. इतक्या दिवसांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं, तेव्हा पाहिलं. मग ती बाकावर आत सरकली आणि मला जागा करून दिली. बंदरापर्यंत आमचे खांदे एकमेकांना लागत होते.

मी जपानला तीन वर्षं राहिले. परत आल्यावर मोठ्या जागा मिळाल्या, मान मिळाला. यमुना कोयनेच्या वेधशाळेतच राहिली, लग्न झालं, मुलं झाली. छाती पुरती बरी कधीच झाली नाही. दर दिवाळीला तिचं पत्र यायचं. खुशालीचं, चार ओळींचं. मी उत्तर द्यायची. भेटायला मात्र गेले नाही. ती कशाबद्दलही रागावलेली नव्हती, आणि तेच मला बघवलं नसतं.

गेल्या श्रावणात तिच्या मुलाचा फोन आला. आई परवा गेली, म्हणाला. श्वासाचंच झालं. मग म्हणाला, "मावशी, तुम्हाला मी कधी पाहिलं नाही, पण आई फार बोलायची तुमच्याबद्दल. म्हणायची, चूक झाल्यावर ज्याचं नुकसान झालं त्याच्या समोर जाऊन तोंडानं कबूल करणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. कसली चूक ते कधी सांगितलं नाही तिनं. आम्ही भावंडं खोटं बोललो की तुमचं नाव घ्यायची."

त्याच्या मागे घरातल्या बायकांचे आवाज येत होते. कुणीतरी त्याला हाक मारली. तो थांबला होता, मी काही बोलेन म्हणून.

"दहावा कधी आहे?" मी विचारलं.